एल्डरच्या फुलांचं सरबत: झाड ओळखण्यापासून बाटली भरेपर्यंत

ब्रिटनमध्ये मे संपत आला की रस्त्याकडेच्या झुडपांच्या कुंपणांवर, कालव्यांच्या काठाने, पडीक जागांत साईच्या रंगाचे चपटे फुलोरे दिसू लागतात. दुकानात ‘एल्डरफ्लॉवर कॉर्डियल’ म्हणून जी बाटली मिळते ती याच फुलांची. घरी करायला अगदी सोपं. गॅसपाशी जेमतेम दहा मिनिटं उभं राहावं लागतं.

अडचण वेगळीच आहे. इथल्या पाककृती लिहिणाऱ्यांनी हे झाड लहानपणापासून पाहिलेलं असतं, म्हणून त्यांची सुरुवातच ‘पंचवीस फुलोरे घ्या’ अशी होते. बाहेरून आलेला माणूस त्याच्या कितीतरी आधी अडतो. झाड कोणतं? तोडलं तर कुणी ओरडेल का? धुवायचं की नाही? लिंबू म्हणजे कुठलं लिंबू? या लेखात तेवढंच सांगायचं आहे.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. या फुलाचा सुगंध परागात आणि पाकळ्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. पावसाने तो धुपतो, उकळल्याने उडतो आणि फूल तोडल्यावर काही तासांत बिघडायला लागतो. कुठल्याही पाककृतीत शंका आली तर ‘यात पराग वाचतोय का?’ एवढं विचारा, उत्तर मिळतं.

१. आधी झाड ओळखा

या पायरीला घाई करायची नाही. एल्डर, शास्त्रीय नाव सॅम्बुकस नायग्रा, हे मोठं झुडूप किंवा लहान झाड असतं. त्याच्या खुणा अशा:

- खोड लाकडी असतं. जुनी साल करडी-तपकिरी, बुचासारखी मऊसर आणि खोल भेगांची. कोवळ्या फांद्यांवर बारीक उंचवटे असतात आणि फांदी मोडली तर आत पांढरा, भुसभुशीत गाभा दिसतो.
- पानं समोरासमोर जोडीने येतात. एका देठावर बहुधा पाच, कधी सात पर्णिका, कडा करवती. पान चुरगाळलं की नकोसा उग्र वास येतो.
- फुलोरा चपटा, तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा. देठाच्या टोकाला बहुधा पाच मुख्य फाटे फुटतात आणि त्यांच्यावर शेकडो इवली फुलं बसलेली असतात. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या आणि पाच पिवळे पुंकेसर.
- वास गोड, फळासारखा. मस्कत द्राक्षं किंवा लिची आठवावी असा.

चारही खुणा जुळल्या तरच कात्री बाहेर काढा. एखादी जुळली आणि बाकीच्या ‘साधारण तशाच’ वाटल्या तर ते झाड सोडून द्या.

आता खरा धोका. याच दिवसांत पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं असणाऱ्या गाजरकुळातल्या वनस्पती इथे जागोजाग फुललेल्या असतात. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. हेमलॉक आणि हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट या दोन मात्र जीवघेण्या. हेमलॉकचा दांडा गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या डागांचा असतो आणि पानं नेच्यासारखी बारीक चिरलेली. जायंट हॉगवीड म्हणून एक माणसापेक्षा उंच वाढणारी वनस्पती आहे. तिचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. या सगळ्यांपासून वाचवणारा नियम एकच: दांडा हिरवा, रसाळ असून सरळ जमिनीतून वर आला असेल तर ते एल्डर नाही. एल्डरची फुलं लाकडी फांद्यांवर येतात. ड्वार्फ एल्डर नावाचा एक विषारी भाऊबंद आहे, तोही याच नियमात अडकतो, कारण तो झुडूप न होता दरवर्षी जमिनीतून नव्याने उगवतो.

लाकडी झाडांतही काही फसवी आहेत, पण त्यांचा घोळ लवकर सुटतो. रोवनला एकाआड एक पानं येतात आणि एका पानावर पर्णिका बऱ्याच जास्त, नऊपासून पंधरापर्यंत. हॉथॉर्नला काटे असतात. गेल्डर रोझच्या फुलोऱ्यात कडेची फुलं मोठी आणि आतली बारीक, शिवाय पान मेपलसारखं फाटलेलं. लाल फळांच्या एल्डरचा फुलोरा चपटा नसतो, शंकूसारखा वर निमुळता होतो. तो घेऊ नका.

बागांमध्ये काळसर पानांचं, गुलाबी फुलांचं एल्डर दिसतं. ते याच झाडाचं लागवडीतलं रूप आहे आणि त्याचं सरबत सुरेख गुलाबी होतं. मात्र ते कुणाच्या तरी बागेत असतं, म्हणजे आधी दार वाजवायचं.

२. कुठे तोडता येतं, कुठे नाही

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार रानात आपोआप वाढलेल्या झाडाची फुलं, फळं, पानं स्वतःसाठी तोडणं ही चोरी ठरत नाही. विकायला तोडलीत तर ठरू शकते. हा फरक लक्षात ठेवा, कारण सरबत चांगलं जमलं की ‘जत्रेत स्टॉल लावू या’ असं कुणीतरी हमखास सुचवतं. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं हा गुन्हा आहे. आपल्याला उपटायचं काहीच नाही, त्यामुळे ती काळजी नको. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. तिथे राहत असाल तर तिथले नियम पाहून घ्या.

फूल तोडायला हरकत नाही, याचा अर्थ कुणाच्याही शेतात शिरायला परवानगी आहे असा होत नाही. सार्वजनिक पायवाटेवर उभं राहून हात पोचेल तेवढं घ्या. रॉयल पार्क्समध्ये, म्हणजे लंडनमधल्या राजघराण्याच्या उद्यानांत, रानमेवा गोळा करायला बंदी आहे. निसर्ग-राखीव क्षेत्रांत आणि नगरपालिकांच्या काही उद्यानांतही असते, तेव्हा फाटकावरची पाटी वाचा. एल्डर रेल्वेच्या कडेला फार माजतं आणि कुंपणापलीकडचे फुलोरे नेहमी जास्त मोठे दिसतात. तिकडे जाऊ नका. रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि जिवाचा धोका वेगळाच.

वर्दळीच्या रस्त्यालगतची झाडं टाळा. फुलं आपण धुणार नाही, त्यामुळे त्यांच्यावरची धूळ आणि धूर थेट सरबतात उतरणार. फवारणी होणाऱ्या शेताची कड टाळा. कुत्री फिरवायच्या वाटेवर कमरेच्या खालची फुलं का सोडायची ते सांगायला नको. जूनमध्ये झुडपांत पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरात असलेल्या घरट्याला कायद्याचं संरक्षण आहे. आत हालचाल दिसली तर पुढचं झाड बघा.

३. केव्हा आणि कोणती फुलं

दक्षिण इंग्लंडमध्ये मेच्या अखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये हंगाम उशिरा येतो, जुलैपर्यंतही रेंगाळतो. घराजवळचं सावलीतलं झाड उन्हातल्या झाडापेक्षा मागे असतं, म्हणून एक हुकलं तरी दुसरं मिळतं.

कोरडा, उन्हाचा दिवस निवडा. आदल्या दिवशीही पाऊस नसलेला बरा. सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत तोडा. इथल्या हवामानात असा मुहूर्त आठवडाभर मिळत नाही हे मान्य आहे, पण ओल्या फुलांचं सरबत म्हणजे साखरेचं लिंबूपाणी. थांबलेलं बरं.

फुलोऱ्यातली बहुतेक फुलं उमललेली असावीत, थोड्या कळ्या राहिल्या तरी चालतील. बोटाने टिचकी मारली की पिवळी भुकटी उडाली पाहिजे. पाकळ्या तपकिरी व्हायला लागल्या असतील किंवा हात लावताच झडत असतील तर तो फुलोरा म्हातारा झाला.

आणि प्रत्येक झाडाचा वास घ्या. ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात. शेजारशेजारच्या दोन झाडांचा वास वेगळा असू शकतो. एकाचा मधासारखा, दुसऱ्याचा चक्क मांजराच्या मुताचा. जुन्या फुलोऱ्यांना तो वास जास्त येतो. जो वास नाकाला येतोय तोच सरबतात उतरणार आहे, साखरेने तो झाकला जात नाही.

एका झाडावरून पाच-सहा फुलोरेच घ्या आणि पुढे चला. तुम्ही तोडलेल्या प्रत्येक फुलोऱ्याच्या जागी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळं येणार नाहीत, आणि ती पक्ष्यांना लागतात. डेन्मार्क आणि इंग्लंडकडे जुनी समजूत आहे की या झाडात एक म्हातारी राहते, फांदीला हात लावण्याआधी तिची परवानगी घ्यावी. तेवढी सवड काढलीत तर हावरटपणाही आपसूक कमी होतो.

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे. कात्री, पसरट टोपली किंवा कागदी पिशवी, आणि अंगात पायघोळ पँट. एल्डरला नायट्रोजनने समृद्ध माती आवडते, खाजऱ्या नेटललाही तीच आवडते, त्यामुळे दोघं सख्ख्या शेजाऱ्यांसारखी वाढतात. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात फुलांना घाम येतो आणि घरी पोचेपर्यंत ती काळवंडतात.

४. घरी आल्यावर

फुलं लगेच वापरा, निदान त्याच दिवशी. ‘उद्या करू’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या फुलांचा वास सकाळपर्यंत बदललेला असतो.

सावलीत पांढऱ्या कापडावर अर्धा तास पसरून ठेवा. बारीक काळे किडे बाहेर पडू लागतात. मग प्रत्येक फुलोरा हलकेच झटका. उरलेसुरले किडे दाट मलमलीतून गाळताना निघतात. शाकाहारी घरांत हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून सांगते: दुहेरी मलमल वापरा आणि पसरण्याचा वेळ वाढवा, पण फुलं धुऊ नका. धुतलेलं पाणी पिवळं दिसेल. तो पिवळेपणा म्हणजे तुम्ही ज्यासाठी गेलात तेच.

मग देठ. एल्डरची पानं, साल, हिरवे देठ आणि कच्ची फळं यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. जास्त पोटात गेली तर मळमळ, उलट्या होतात. म्हणून जाड हिरवे देठ कात्रीने फुलांच्या जवळून कापून टाका आणि पान तर एकही राहू देऊ नका. केसासारखे बारीक देठ राहिले तर घाबरायचं कारण नाही. एकेक फूल सुटं करत बसण्याची गरज नाही, जेवणाच्या काट्याने विंचरलं तरी बरीच फुलं सुटून येतात.

५. सरबत (कॉर्डियल)

सव्वादोन लिटरच्या आसपास होईल. सामान:

- एल्डरचे मोठे फुलोरे २५
- साखर १.५ किलो
- पाणी १.२५ लिटर
- मोठी पिवळी लिंबं ३
- खाण्याचं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, ५० ग्रॅम
- झाकणाचं मोठं पातेलं, मलमल, गाळणी, नरसाळं, बाटल्या

लिंबू म्हणजे इथलं मोठं, जाड सालीचं पिवळं. त्याच्या सालीतलं तेलही हवं आहे. दुकानातल्या लिंबांना बहुधा मेणाचा हात दिलेला असतो. ‘अनवॅक्स्ड’ लिहिलेली घ्या, नाही मिळाली तर गरम पाण्यात ब्रशने खसखसून घासा.

लिंबूसत्त्वाबद्दल दोन सूचना. औषधाच्या दुकानात मागितलंत तर कधी कधी ‘कशाला हवंय?’ असा प्रश्न येतो, कारण अमली पदार्थ घेणारेही ते वापरतात. सरबतासाठी म्हणा, प्रश्न मिटतो. भारतीय किराणा दुकानात आणि घरगुती वाइनचं सामान विकणाऱ्यांकडे ते सहज मिळतं. दुसरं, किटलीतला क्षार काढायला म्हणून विकतात ते सायट्रिक ॲसिड घेऊ नका. पाकिटावर खाण्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा.

कृती अशी:

१. पाणी उकळा, गॅस बंद करा, साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. एकतारी वगैरे पाक करायचा नाही. साखर दिसेनाशी झाली की काम झालं.

२. पाक कोमट होऊ द्या. कित्येक पाककृती फुलांवर उकळता पाक ओतायला सांगतात. सरबत त्यानेही होतं, पण त्याला शिजलेल्या फुलांचा, चहासारखा वास येतो. बोट सहज बुडवता येईल इतका निवू द्या.

३. लिंबांची पिवळी साल सोलाण्याने पातळ काढा. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नका. रस पिळा. साल, रस आणि लिंबूसत्त्व पाकात मिसळा.

४. फुलोरे उलटे धरून पाकात सोडा, फुलं खाली, देठ वर. सगळी बुडाली पाहिजेत. वर तरंगणाऱ्या फुलांवर बुरशी धरते, म्हणून एखादी स्वच्छ ताटली वजन म्हणून ठेवा. झाकण लावून थंड जागी २४ तास ठेवा, मध्ये दोनदा ढवळा. फार तर दीड दिवस. त्यापुढे कडवटपणा उतरतो.

५. दुहेरी मलमलीतून गाळा. मलमल आधी उकळत्या पाण्यात बुडवून पिळून घ्या. फुलं पिळून शेवटचा थेंब काढायचा मोह होतो, हलक्या हाताने काढा.

चव घेताना असंच चाखू नका. एका पेल्यात एक भाग सरबत आणि आठ भाग थंड पाणी घालून पाहा. आंबट कमी वाटलं तर आता लिंबूसत्त्व वाढवता येतं. पहिल्यांदाच पिणार असाल तर थोडंसं पिऊन बघा, कुठल्याही नव्या रानफुलाबाबत हे करावं.

६. टिकवायचं कसं

इथे लोक साखरेवर फाजील भरवसा ठेवतात. साखरेमुळे आपोआप टिकायला पाक निदान पासष्ट टक्क्यांचा लागतो, आपला पन्नासच्या थोडा वर आहे. शिवाय फुलांवरचं जंगली यीस्ट त्यात जिवंत आहे. त्यामुळे बाहेर ठेवलेली बाटली काही दिवसांत फसफसू लागते.

बाटल्या गरम पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं ठेवा. रबराच्या चकत्या वेगळ्या उकळा. बाटल्या गार झाल्यावर सरबत भरा. मग तीन वाटा आहेत:

- फ्रिज: महिनाभर, सहा आठवड्यांपर्यंतही राहतं.
- फ्रीझर: माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग, कारण सुगंधाला धक्का लागत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरा. बर्फाच्या साच्यात गोठवून त्या वड्या पिशवीत ठेवल्या तर लागेल तेवढीच काढता येते. पुढच्या हंगामापर्यंत पुरतं.
- पाश्चरायझेशन: भरलेल्या काचेच्या बाटल्या मोठ्या पातेल्यात, तळाशी कापड घालून, मानेपर्यंत पाण्यात उभ्या करा. झाकणं सैल ठेवा. आतलं सरबत ७५ अंशांवर पोचलं की तेवढ्यावरच अर्धा तास ठेवून लगेच झाकणं घट्ट करा. बाहेरही काही महिने राहतं, वास मात्र थोडा मंदावतो.

बाटलीवर तारीख लिहा. उघडताना फुस्स आवाज आला तर आंबायला लागलं आहे. ते मुलांना देऊ नका. वर बुरशीचा थर दिसला तर सगळं ओतून द्या, वरवरचा थर काढून भागत नाही.

पेल्यात सोडा घातलात तर उत्तम. दुधात घालू नका, फाटतं.

७. फसफसणारं पेय

घराघरांत याला ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ म्हणतात. बाटलीवर तसं लिहून मात्र विकता येत नाही. फ्रान्सच्या शॅम्पेनवाल्यांनी एका इंग्लिश उत्पादकाला कोर्टात खेचलं आणि १९९३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्या नावाला मनाई केली. त्या पेयात अल्कोहोल नव्हतंच. आपल्यात असतं. या प्रमाणात सहा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, म्हणजे बिअरपेक्षा थोडं चढतंच. गरोदर बाई, लहान मुलं आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी वरचं सरबत. स्वतःच्या घरी पिण्यासाठी अशी वाइन आंबवायला परवाना किंवा कर लागत नाही. विकायला लागतो. आणि घरी दारू गाळणं, म्हणजे ऊर्ध्वपातन करणं, परवान्याशिवाय बेकायदा आहे.

सामान: फुलोरे १०, साखर ६०० ग्रॅम, पाणी ४.५ लिटर, मोठी लिंबं २, व्हाइट वाइन व्हिनेगर २ मोठे चमचे, शॅम्पेन यीस्ट पाव चहाचा चमचा, खाद्यपदार्थांसाठीची झाकणाची प्लास्टिक बादली, हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड आहे ते दाखवणारं तरंगतं उपकरण; साखर आंबत गेली की त्याचा आकडा उतरतो) आणि सोडावॉटरच्या किंवा कोलाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या.

शेवटच्या वस्तूवर, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्यांवर, मी का अडून बसते ते समजून घ्या. खऱ्या शॅम्पेनच्या जाड बाटलीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आंबते, आणि तेवढ्याने आतला दाब सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापटीपर्यंत, जातो. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास अडीच-तीन पट. आपल्या मिश्रणात सुरुवातीला लिटरमागे १२० ग्रॅमहून जास्त साखर आहे. ती नीट आंबायच्या आधीच काचेच्या बाटलीत बंद केली तर बाटली फुटते आणि काचा भिंतीत रुततात. खटक्याच्या झाकणाची शोभेची बाटली तर सगळ्यांत आधी. प्लास्टिकची बाटली आधी टणक होते, फुगते, म्हणजे सूचना देते.

१. लिटरभर पाणी उकळून साखर विरघळवा, उरलेलं थंड पाणी घाला. मिश्रण कोमटच्याही खाली आलं पाहिजे.

२. लिंबाची साल, रस, व्हिनेगर आणि फुलं घाला. कापडाने झाकून एक-दोन दिवस ठेवा, रोज ढवळा.

३. गाळून स्वच्छ बादलीत घ्या आणि यीस्ट भुरभुरा. फुलांवरच्या जंगली यीस्टवर सोडून देण्याची पद्धत जुनी आणि मोहक आहे, पण ते कधी जोर धरतं, कधी ढिम्म बसतं. नवख्याने पुडी वापरावी. झाकण सैल ठेवा, वायू बाहेर पडला पाहिजे.

४. साधारण २० अंश तापमानात आठवडा-दहा दिवस आंबू द्या. हायड्रोमीटर सुरुवातीला १.०४५ च्या आसपास दाखवेल. १.००५ किंवा त्याखाली आल्याशिवाय बाटलीत भरू नका. फेस बसला म्हणजे आंबणं संपलं, हा समज घात करतो. थंड रात्री ते नुसतं झोपलेलं असतं.

५. बाटल्यांत चार बोटं जागा सोडून भरा. रोज दाबून बघा. दगडासारखी टणक झाली की झाकण किंचित सैल करून वायू सोडा, पुन्हा घट्ट करा आणि फ्रिजमध्ये हलवा. थंडीत यीस्ट मंदावतं, थांबत नाही, म्हणून फ्रिजमधल्या बाटल्यांकडेही लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पिऊन टाका. उघडताना मोरीत धरा.

यीस्ट आणि हायड्रोमीटरच्या भानगडीत पडायचं नसेल तर रोमानियातल्या ‘सोकाता’ची वाट आहे. फुलं, लिंबू, साखर आणि पाणी बरणीत घालून कापड बांधून तीन-चार दिवस ठेवतात, हलकी फसफस आली की गाळून थंड करून लगेच पितात. साठवायचं नाही. थोडं अल्कोहोल त्यातही असतंच.

आणि फुलं उरलीच तर कागदावर, हवेशीर सावलीत वाळवून बरणीत भरा. चमचाभर फुलांवर गरम पाणी ओतून आठ-दहा मिनिटांनी गाळलं की हिवाळ्यात चहा होतो.

८. काही बिघडलं तर

सरबताला उग्र वास येतोय: फुलं जुनी होती किंवा झाडच तसं होतं. दुरुस्ती नाही.

कडू लागतंय: लिंबाचा पांढरा भाग, जाड देठ, किंवा जास्त वेळ भिजवणं. सोडा आणि जास्त लिंबू घालून निभावतं.

गढूळ दिसतंय: परागामुळे. चांगलं लक्षण आहे, तळाशी बसलेलं हलवून घ्या.

बादलीत चार दिवसांत एकही बुडबुडा नाही: खोली थंड असेल किंवा यीस्ट मेलेलं असेल. बादली उबदार जागी हलवा, दिवसभर वाट पाहा, मग नवी पुडी टाका.

बादलीला आंबूस, झोंबणारा वास येतोय: हवेतून शिरलेल्या जिवाणूंनी अल्कोहोलचं व्हिनेगर करायला घेतलं आहे. बाटलीत भरू नका. कापड बांधून महिनाभर तसंच राहू द्या आणि सॅलडवर शिंपडायला वापरा. नवं पेय करण्याआधी ती बादली मात्र निर्जंतुक करणाऱ्या पावडरीने दोनदा धुवा.